बाबांचा होकार

ता. ४ ऑक्टोबर, सकाळी पावणेसात. दुकानात, मशिनला तेल घालताना.

ती. आत्यास,
टाचणीचा सा. न. वि. वि.

फोनवर मी घाबरून अर्धंच सांगतो आणि बाकीचं गिळतो, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठव असं तू परवा म्हणालीस. त्याप्रमाणे लिहितो आहे. तेल घातलं की थोडा वेळ शिवता येत नाही, नाहीतर कापडावर डाग पडतात. नववीत शाळा सुटल्यापासून एवढं मोठं पत्र पहिल्यांदाच लिहितो आहे. शुद्धलेखन तपासलं आहे.

बाबांची प्रकृती आधीपेक्षा बरी. उजवा हात अजून उठत नाही, पाय थोडा उचलतात. व्यायाम शिकवणाऱ्या बाई एक दिवसाआड येतात. जेवण ठीक. बोलणं मात्र परत आलेलं नाही, आणि जे आहे ते विचित्र आहे. कुणी दारात आलं की, या, बसा, असं इतकं स्वच्छ म्हणतात की नवख्याला वाटावं यांना काही झालेलंच नाही. एक, दोन अशी सुरुवात करून दिली तर वीसपर्यंत न अडखळता जातात. पण पाण्याचा पेला समोर धरून हे काय असं विचारलं की ओठ हलतात, शब्द येत नाही आणि कपाळावर घाम येतो. बाकी सगळ्याला एकच उत्तर, हो.

त्यामुळे आईची रोज फजिती होते. चहा हवा का, हो. पुरे का, हो. अजून देऊ का, हो. मंगळवारी तिने तीन कप पाजले. नंतर म्हणाली, लग्न झाल्यापासून या माणसाने माझं इतकं ऐकलं नव्हतं. हसत हसत स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या रविवारी दादा आला होता. त्याचं म्हणणं असं, की दुकान बंद करून जागा मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्याने द्यावी, आईबाबांना त्याने आपल्या शहरात, आपल्या फ्लॅटवर न्यावं आणि मला त्याच्या गोदामात चिकटवून द्यावं. बाबांच्या जवळ बसून, हळू, स्पष्ट शब्दांत त्याने विचारलं, की दुकान देऊन टाकायचं ना. बाबा हो म्हणाले. माझ्याकडे राहायला याल ना. त्यालाही हो. आई होती, मी होतो, शेजारचे घड्याळवाले काका होते. दादा म्हणाला, ज्याला या, बसा कळतं त्याला हो कळत नाही असं कसं होईल? महिनाअखेरीच्या रविवारी तो येईल आणि मोबाइलवाल्याला किल्ली देईल.

दादा वाईट नाही, हे तुला माहीत आहे. डॉक्टरकडे जाताना बाबांना पाठीवर घेऊन जिना उतरतो तो तोच. पण ते हो खरं होतं का, हे मला समजत नाही. आणि दुकान गेलं तर माझं काय, हा विचार माझ्या डोक्यात आधी आला व बाबांचा मागाहून, म्हणून माझ्या शंकेवरही माझा भरवसा नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. बाबांना नवीन चाळा लागला होता. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतो ती धातूची टोपी, अंगुस्तान, ते हट्टाने डाव्या बोटात घालून घ्यायचे आणि दिवसभर मधूनमधून खाटेच्या लोखंडी पट्टीवर टकटक करायचे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली. डॉक्टर म्हणाले, आजारात असं होतं. म्हणून परवा ते काढून मशिनच्या खणात ठेवलं. आता घर शांत आहे.

तेल मुरलं. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.
तुझा,
टाचणी

* * *

ता. ९ ऑक्टोबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. चूक शोधत होते, सापडली नाही. शिक्षकाच्या पोटी जन्माला आला असतास तर वाया गेला असतास.

मी भाषेचा अभ्यास करते म्हणजे काय करते हे आपल्या घरात कुणाला कधी कळलं नाही. भाऊ लोकांना सांगायचा, आमची धाकटी बोलण्याबद्दल बोलते आणि त्याचा पगार घेते. आता त्याच्याच बोलण्याबद्दल मला बोलायची वेळ आली. तर ऐक.

हो हा शब्द आपण समजतो तितका प्रामाणिक नाही. फोनवर तू माझ्याशी बोलतोस तेव्हा सारखा हो, हो करतोस. तुला पटलेलं असतं म्हणून नव्हे. ऐकतो आहे, चालू दे, एवढंच त्यातून सांगतोस. परवा बँकेत माझ्यापुढे एक गृहस्थ फोनवर सलग हो हो म्हणत होते. फोन खिशात टाकला आणि बायकोला म्हणाले, मी काही जाणार नाही. तुझ्या मशिनमधल्या तेलासारखं आहे ते. त्याने शिवण होत नाही, चाक फिरतं.

या, बसा हेही तसंच. तो ते शब्द जुळवून म्हणत नाही. वर्षानुवर्षं रोज म्हटल्यामुळे त्याची घडी झाली आहे. घडीच्या घडी बाहेर येते. आकड्यांची साखळी असते, पहिली कडी ओढली की मागच्या येतात. माझंच बघ. इतकी वर्षं परक्या भाषेत शिकवते, पण बाजारात हिशेब करताना ओठांवर आपलेच पाढे येतात, आणि सात नव्वे थेट सापडत नाही, साताच्या पायथ्यापासून चढावं लागतं. मागच्या आठवड्यात मला चाळणी हा शब्द आठवेना. गोल असते, भोकं असतात, शब्द तीन अक्षरी आहे, सगळं ठाऊक. शब्द हरवला नव्हता, त्याच्याकडे जायची वाट हरवली होती. भाऊच्या बऱ्याच वाटा एकदम खचल्या आहेत. गाव जागेवर असावं असं मला वाटतं, पण ते इथे बसून सांगता येणार नाही.

तू एक कर. ज्यांची उत्तरं तुला पक्की माहीत आहेत असे प्रश्न विचार, आणि प्रत्येक प्रश्न दोन्ही बाजूंनी विचार, सुलट आणि उलट. खुणेची चित्रं करून बघ. आणि ज्याचं उत्तर तुला हवंहवंसं आहे तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचार. तेव्हा खोलीत एकटा असू नकोस.

सोबत चार हजार पाठवते आहे. परत करायचे नाहीत. वहिनीला सांग, तिसरा कप तू पी.

तुम्हा सर्वांची,
आत्या

* * *

ता. १६ ऑक्टोबर, दुपारी दोन. दुकानात, कॉलर उसवताना.

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पैसे मिळाले. परत करण्याबद्दल नंतर लिहीन.

तू सांगितल्याप्रमाणे केलं. तुम्ही शिंपी आहात का, हो. तुम्ही पोस्टमन आहात का, हो. ही तुमची बायको का, हो. ही तुमची सासू का, हो. यावर आई म्हणाली, निदान इथे तरी नाही म्हणायचं. पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापून एकावर बरोबरची खूण आणि एकावर फुली काढली. बाबांनी पुठ्ठा हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, कड सरळ कापलेली नव्हती, तर फेकून दिला.

तेव्हा हो म्हणजे हो नाही, एवढं नक्की झालं. मला हायसं वाटलं आणि मी दादाला फोन करून तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ठीक आहे, हो म्हणजे हो नाही. पण म्हणून हो म्हणजे नाही, असंही होत नाही. मग ठरवायचं कुणी, तू? तो म्हणाला, रविवारपर्यंत तुला काही सापडलं तर मी ऐकेन. नाही सापडलं तर जे सोयीचं आहे ते करू, बाबांना जिना झेपत नाही आणि आईला बाबा झेपत नाहीत. त्याचं चुकतं आहे असं मला म्हणता येत नाही.

बाबांचं चित्त अलीकडे ठिकाणावर नाही. डावा हात खाटेच्या पट्टीवर फिरवत राहतात, मग एक बोट उभं करून आम्हाला दाखवतात. आईला वाटलं नख टोचतं आहे, म्हणून तिने कापलं. तरी तेच. काल व्यायामाच्या बाईंसमोर त्यांनी एक शिवी दिली, पूर्ण आणि शुद्ध. बाई दचकल्या. दादाला फोनवर सांगितलं तर बाबांच्या आजारपणात तो पहिल्यांदाच हसला, म्हणाला, एक वाट शाबूत आहे म्हणायची.

लोभ चालू ठेवावा, आम्हाला त्याची गरज आहे.
तुझा,
टाचणी

* * *

ता. २१ ऑक्टोबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

घाईत लिहिते, पत्र रविवारच्या आत पोचलं पाहिजे.

दादाचा प्रश्न अगदी योग्य आहे. त्याला माझ्याकडे पाठवलं असतंस तर चांगला विद्यार्थी झाला असता.

मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली असं वाटतं. भाऊ हो कसं म्हणतो हे आपण बघत बसलो. पण आजारपणाआधी तो नाही कसं म्हणायचा? लहानपणापासून आठवते आहे, त्याच्या तोंडून नाही हा शब्द ऐकल्याचं मला आठवतच नाही. आमच्या आईने विहिरीवर जाऊ नको म्हटलं की गप्प बसायचा आणि जायचा. पण इतकी वर्षं दुकान चालवलेला माणूस नाही न म्हणता कसा राहील?

माणसं जिथे रोज एकत्र काम करतात तिथे बोलण्याला शॉर्टकट पडतात. आमच्या बसमध्ये कंडक्टर तोंड उघडत नाही; एक घंटा थांब, दोन घंटा चल, आणि ड्रायव्हर मागे वळूनही बघत नाही. तुम्ही दोघं दुकानात माप घेताना एकमेकांशी कसे बोलत होतात, ते साधं, क्रमाने मला लिहून पाठव. डोकं लावू नकोस, फक्त लिही.

तुमची,
आत्या

* * *

ता. २५ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. दुकानात. अजून शटर अर्धंच वर आहे.

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनने काल शटरखालून सरकवलं होतं, ते आत्ताच हाती आलं. लगेच लिहायला बसलो.

माप घेताना बाबा टेप लावतात आणि आकडा मोठ्याने सांगतात. मी तो लिहितो आणि परत म्हणून दाखवतो. खांदा साडेसतरा. छाती चाळीस. बरोबर असेल तर बाबा काहीच बोलत नाहीत, टेप पुढच्या जागी जातो. आमच्या दुकानात बरोबर याला शब्द नाही. माझं चुकलं असेल तरी ते बोलत नाहीत, कारण गिऱ्हाइकासमोर आपल्या माणसाची चूक काढणं शोभत नाही असं त्यांचं मत. चुकलं तर ते बोटातल्या अंगुस्तानाने टेबलाच्या कडेवर दोनदा

(दुपारी चार, घरी.)

आत्या, वरचं वाक्य तसंच ठेवतो, पूर्ण करत नाही. तिथे पेन ठेवलं, खण उघडला आणि शटर ओढून घरी आलो.

अंगुस्तान त्यांच्या डाव्या बोटात घातलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी दादाच्या लग्नातल्या कोटाचं माप वाचायला सुरुवात केली. छाती चाळीस. तोंडाने हो, बोट स्वस्थ. बाही चोवीस. हो, बोट स्वस्थ. मग मुद्दाम म्हटलं, खांदा बावीस. तोंडाने हो म्हणाले, आणि पट्टीवर टक टक. मी सुलट केलं, उलट केलं, मधेच विषय बदलला. पोस्टमन, टक टक. शिंपी, काही नाही. सासू, टक टक, तीही जोरात. आईने विचारलं, अजून चहा? हो, टक टक. ती म्हणाली, दोन महिने मी या माणसाला चहात बुडवते आहे.

तीन आठवडे त्यांचा नकार मी खणात, बॉबिनच्या डबीशेजारी ठेवला होता. त्याबद्दल आज जास्त लिहीत नाही.

मुख्य प्रश्न अजून विचारलेला नाही. उद्या दादा येतो आहे. खोलीत एकटा नसेन.
तुझा,
टाचणी

* * *

ता. २७ ऑक्टोबर, सकाळी साडेआठ. दुकानात. काही करत नव्हतो.

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल सगळं झालं, क्रमाने लिहितो.

मोबाइलवाला आगाऊ रक्कम घेऊन दुकानात थांबला होता. घरी दादा, आई, घड्याळवाले काका आणि मी. दादाला माझं म्हणणं पटेना. म्हणाला, तू त्यांना शिकवून ठेवलं असशील, तुला दुकान हवं आहे. ते खोटं नव्हतं, म्हणून मला राग आला नाही. मी म्हटलं, तू विचार, मला माहीत नसलेलं विचार. मी दाराबाहेर उभा राहतो.

पुढचं मला आईने नंतर सांगितलं. दादा खाटेजवळ बसला. मग विचारलं, मी सातवीत नापास झालो तेव्हा तुम्ही मला मारलंत का? हो, टक टक. मग आवाज खाली आणून विचारलं, आईला न सांगता प्रगतिपुस्तकावर सही केलीत का? हो, आणि बोट स्वस्थ. आई म्हणाली, अस्सं. काका खिडकीकडे बघू लागले. दादाने हाक मारून मला आत घेतलं.

मग त्याने विचारलं, माझ्याकडे राहायला यायचं ना? बाबा हो म्हणाले, आणि टक टक. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तोंड हो म्हणत होतं आणि बोट नाही म्हणत होतं, दोन्ही एकदम, आणि बाबा त्याच्याकडे इतक्या मायेने बघत होते की मला तिथे उभं राहवेना. दादाने चष्मा काढून पुसला. हळूच म्हणाला, लिफ्ट आहे, बाबा. हो, टक टक.

नंतर दुकान. द्यायचं का भाड्याने, असं दादाने विचारलं. हो. मी बोटाकडे बघत होतो. बोट हललं नाही. मला वाटलं दमले असतील, म्हणून मी उलट विचारलं, दुकान ठेवायचं ना बाबा? हो, टक टक. मी तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा असं जोरात वाजवलं, की गिऱ्हाईक गेल्यावर माझ्यासाठी राखून ठेवायचे तो आवाज मला ओळखता आला.

म्हणजे दुकान द्यायचं. इतके दिवस धडपडून मी त्यांचं बोलणं मिळवलं आणि दुकानाबद्दल त्यांनी पहिल्यांदा जे सांगितलं ते हे. दादाने माझ्याकडे पाहिलं, पण जिंकल्यासारखं नाही. मी विचारलं, मग मी गोदामात जा... वाक्य संपायच्या आत टक टक.

मग मी काय करू, असं माझ्या तोंडून निघून गेलं. याला हो-नाही काही चालत नाही. बाबा घामाघूम झाले. आता उत्तर त्यांच्याकडे होतं आणि प्रश्न आम्ही शोधत होतो. आईने विचारलं, दुसऱ्या शिंप्याकडे? टक टक. दादाने विचारलं, पुन्हा शाळा? टक टक, पण जरा हळू. काका खिडकीपासून खाटेजवळ आले. ते म्हणाले, अरे, टेबलाचं विचार. मी विचारलं, कापायचं टेबल घरी आणायचं का?

बाबा हो म्हणाले. बोट स्वस्थ होतं. मग सबंध हात त्यांनी खाटेवर उताणा टाकला, काम संपल्यावर टाकतात तसा.

संध्याकाळी दादाने आणि मी टेबल जिन्याने वर आणलं. दारातून आत जाईना, पाय सोडवावे लागले. किल्ली दादाने मोबाइलवाल्याला दिली. भाडं आईच्या हातात येणार. जाताना तो बाबांना म्हणाला, महिन्यातून दोनदा येईन, चालेल का? हो. तो बोटाकडे बघत थांबला. मग निघाला.

दुसरी किल्ली अजून माझ्याकडे आहे. आज दुकान झाडून द्यायचं आहे, म्हणून इथे आहे.
तुझा,
टाचणी

* * *

ता. १ नोव्हेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तोंडाने हो आणि बोटाने नाही, असं एकाच वेळी म्हणणाऱ्या माणसाबद्दल मी पुस्तकांत वाचलं होतं. त्यात कुणाचा भाऊ नसतो, म्हणून भराभर वाचून होतं. तुझं पत्र वाचायला मला वेळ लागला.

तुला हवं होतं ते उत्तर आलं नाही, तरी तू ते जसंच्या तसं लिहिलंस. म्हणूनच बाकीचंही मी खरं मानते. दुकानाबद्दल वाईट वाटत असेल तर वाटू दे. भाऊला जिना झेपत नाही हे भाऊलाच आधी कळलं असणार. आपण त्याला विचारायला उशीर केला.

सुट्टीत येते. माझं माप घेऊन ठेवू नकोस, वाढलं आहे. आणि पैशांचं पुन्हा लिहू नकोस. मी परत घेणार नाही, आणि टक टक करायला मी काही तिथे नाही.

तुमची,
आत्या

* * *

ता. ९ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेपाच. घरी, टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला. घड्याळवाल्या काकांची पँट कापून झाली.

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घरचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे काका. ते दारात आले, बाबा या, बसा म्हणाले. आता टेप मी लावतो आणि आकडाही मीच मोठ्याने सांगतो. बाबा खाटेवरून बघतात. उंची एकोणचाळीस, काही नाही. कंबर चौतीस, टक टक. मी पुन्हा टेप लावला, पुन्हा चौतीसच आली. पुन्हा टक टक. तेव्हा काका ओशाळून म्हणाले, सोडतो बाबा श्वास. छत्तीस भरली.

पट्टीखाली लाकडी फळी बसवून घेतली आहे, खालच्या बाईंपर्यंत आवाज जात नाही. अंगुस्तान आता आम्ही ते झोपतानासुद्धा त्यांच्या बोटातून काढत नाही.

तुझ्या पैशांचा हिशेब खाली दिला आहे. बाबांना एकेक ओळ वाचून दाखवली, मगच लिहिली. शेवटच्या ओळीला, तू म्हणालीस त्याप्रमाणे, आत्यास देणे काही नाही, असं वाचलं. टक टक. निम्मे देऊ, असं वाचलं. टक टक. म्हणून खाली आहे तसं लिहिलं. तक्रार असेल तर सुट्टीत येशील तेव्हा त्यांच्याशीच बोल.

लोभ आहे तसा राहो, हिशेबात तो धरलेला नाही.
तुझा,
टाचणी

आत्याकडून जमा: ४०००
औषधं: १८५०
व्यायामाच्या बाई: १२००
सुतार, टेबलाचे पाय व फळी: ४५०
शिल्लक: ५००
आत्यास देणे: ४००० (बाबा गप्प.)